प्रोग्रामरला खरंच काम येतं का, हे मुलाखतीत कसं ओळखायचं?

दूध_आणि_डेटा

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात आमची १४ जणांची कंपनी आहे. दूध संस्थांना संकलनाचं सॉफ्टवेअर देतो. काट्यावर दूध ओतलं की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) मशिनमधून आपोआप येतं, दरपत्रकावरून दर लागतो, शेतकऱ्याला पावती मिळते आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. ऐकायला सोपं वाटतं. पण गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला एक भाव, त्याच्या खाली गेलं की पॉइंटमागे कपात, म्हशीचं पत्रक निराळं, संघाप्रमाणे पत्रक निराळं. वर पत्रक मधल्याच तारखेला बदललं तर आधीचं दूध आधीच्याच दराने बिलात यायला हवं. नाहीतर संस्थेच्या ओट्यावर भांडणं.

आता बॅकएंडच्या (सर्व्हरच्या बाजूच्या प्रोग्रामिंगच्या) दोन जागा भरायच्या आहेत. दोन-चार वर्षं अनुभव असला तर उत्तम, हुशार फ्रेशरही चालेल. मुलाखती मीच घेतो, कारण दुसरं कोण नाही. आजवरची पद्धत म्हणजे रेझ्युमे चाळायचा, त्यातल्या प्रोजेक्टबद्दल विचारायचं आणि मग बोर्डावर काहीतरी लिहायला लावायचं. लिंक्ड लिस्ट उलटी करा. स्ट्रिंगमधलं पुन्हा न आलेलं पहिलं अक्षर शोधा. एसक्यूएलमध्ये दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढा. हा पगाराचा प्रश्न तर इतका झिजलाय की माझं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर येतं.

ह्यातून कळत काहीच नाही. मागच्या खेपेला आलेला पोरगा बोर्डावर ट्री, ग्राफ सगळं झरझर लिहायचा. रुजू झाल्यावर त्याच्याकडे एक तक्रार दिली की अमुक संस्थेत पहाटेचं थोडं दूध आदल्या दिवसाच्या खात्यावर पडतंय. पोरगा आठवडाभर दरपत्रकाचा कोड वाचत बसला. संस्थेच्या सचिवाला एक फोन करून "किती वाजताचं दूध?" एवढं त्यानं विचारलं नाही. शेवटी आमच्या सपोर्टच्या मुलीनं, जी बी.कॉम. आहे, पावत्या टेबलावर मांडल्या आणि सांगितलं की साडेपाचच्या आधीच्याच पावत्या घोळ घालतायत. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) होतं, आपण त्याच्यापुढे ५ तास ३० मिनिटं. पहाटे ५.१० ला घातलेलं दूध सर्व्हरच्या लेखी आदल्या रात्रीचं ११.४०. अकरा तारखेच्या पहाटेचं दूध दहा तारखेला बंद होणाऱ्या बिलात.

पोरगा वाईट नव्हता. नंतर चांगला तयार झाला आणि रीतसर पुण्याला गेला.

मालक म्हणतात, ऑनलाइन टेस्ट विकत घेऊ, मार्क बघून माणूस घेऊ. मला ते पटत नाही, पण त्यांना दुसरं काय सांगू तेही सुचत नाही. बाजारात म्हैस घेताना दात बघतो, शिंगं बघतो, पण धार काढून बघितल्याशिवाय पैसे कोण मोजत नाही. इथं धार कशी काढायची, तेवढं सांगा.

---

खराडी_बायपास

मोठ्या सर्व्हिस कंपनीत कॅम्पस भरतीच्या बाजूला आहे, त्यामुळे सगळे ज्या ऑनलाइन टेस्टला शिव्या घालतात तिची बाजू मांडतो.

तुमच्या दोन जागा आहेत. आमच्याकडे एका हंगामात इतके अर्ज येतात की प्रत्येकाशेजारी माणूस बसवायचा म्हटला तर अर्धी कंपनी मुलाखतींतच जाईल. टेस्टचं काम चांगला प्रोग्रामर शोधणं नाहीच. ज्याला दोन ओळी धड लिहिता येत नाहीत त्याच्यावर कोणाचा तास जाऊ नये, एवढंच तिचं काम.

आणि अशांची संख्या कमी नाही. २०१७ मध्ये अ‍ॅस्पायरिंग माइंड्सने ५०० हून अधिक कॉलेजांतल्या, आयटीशी संबंधित शाखांच्या ३६ हजारांवर विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष प्रोग्राम लिहायला लावले होते. ६० टक्क्यांहून जास्त जणांचा कोड कंपाइलच झाला नाही, म्हणजे चालण्याजोगाच नव्हता. तर्क बरोबर असलेला प्रोग्राम लिहू शकले ४.७७ टक्के. आता ही कंपनी स्वतःच अ‍ॅमकॅटसारख्या परीक्षा विकायची, त्यामुळे आकडे थोडे सबुरीनं घ्या. पण माझा रोजचा अनुभव त्यापासून फार लांब नाही.

फिझबझ हा प्रश्न २००७ पासून जगभर गाजतोय. १ ते १०० आकडे छापा, ३ च्या पटीत एक शब्द, ५ च्या पटीत दुसरा, दोन्हींच्या पटीत दोन्ही. यात ना ट्री ना ग्राफ. तरी "चार वर्षं जावा" लिहिलेली माणसं यात अडकताना पाहिली आहेत. तुम्ही असा वीस मिनिटांचा एक पेपर आधी ठेवाच. मालकही खूश.

---

बावधनची_वसुधा

दूध_आणि_डेटा, तुमच्या प्रश्नातच तुमचा पेपर पडलाय की. पहाटे ५.१० ची पावती. तोच द्या!

सविस्तर लिहिते, कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे आणि आज लाइट गेल्यामुळे वेळ आहे.

मी पुण्यात पतसंस्थांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या टीमची प्रमुख आहे. वाय-टू-केच्या (सन २००० च्या तारखांच्या घोळाच्या) कामावर नोकरीला लागले, तेव्हापासून ह्याच धंद्यात. आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्याला बोर्ड दिसत नाही. त्याला एक चालू, पण बिघडलेला छोटा प्रोजेक्ट मिळतो आणि एक तक्रार मिळते.

पिग्मी माहीत असेलच. एजंट दुकानोदुकानी फिरून रोजचे पैसे गोळा करतो, हातातल्या मशिनवर पावती देतो, संध्याकाळी दिवसाची वसुली सर्व्हरवर चढवतो. आम्ही ह्याची लुटुपुटुची आवृत्ती बनवली आहे. पायथनच्या साधारण ३०० ओळी, एसक्यूलाइट डेटाबेसची एक फाइल, बनावट नावांचे ग्राहक, थोडा लॉग (सर्व्हरवर काय घडलं त्याची नोंद) आणि गिटचा इतिहास (कोडात कधी काय बदललं त्याची नोंद). तक्रार कागदावर असते, शाखेच्या भाषेत: "खाते क्र. ११७ च्या पासबुकात १२ तारखेला १०० रुपये दोनदा दिसतात. ग्राहकाने एकदाच दिलेत म्हणतो. कृपया दुरुस्त करून मिळावे." बास. यात बग कुठल्या फाइलमध्ये आहे, कुठल्या फंक्शनमध्ये आहे, काही सांगत नाही. खऱ्या आयुष्यातही सांगत नाहीत.

उमेदवार स्वतःचा लॅपटॉप आणतो. नसेल तर आम्ही देतो, आणि कीबोर्डची सवय व्हायला पंधरा मिनिटं जास्त. इंटरनेट उघडं. दीड तास. मी शेजारच्या खोलीत "शाखा व्यवस्थापक" म्हणून बसते आणि फोनवर हजर असते. विचाराल तेवढंच सांगते.

आता गंमत बघा. कारण शोधायला बहुतेकांना फार वेळ लागत नाही. चढवताना नेट तुटलं, एजंटने पुन्हा बटण दाबलं, सर्व्हरनं तीच वसुली परत घेतली. लॉगमध्ये दिसतं. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते.

बरेच जण पासबुकाच्या क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) सारख्या ओळी एकदाच दाखवणारं "डिस्टिंक्ट" घालतात. पासबुकात एकच ओळ दिसायला लागते, तक्रार मिटली, चेहरा खुलतो. मग मी फोनवर भाबडेपणानं विचारते, "बरं, पण ११७ वाल्यानं खरंच सकाळी १०० आणि संध्याकाळी पुन्हा १०० दिले असते तर?" इथं दोन जाती पडतात. काहींचा चेहरा लगेच पडतो आणि ते क्वेरी परत उघडतात. ही माणसं मला आवडतात. काही मला समजावायला लागतात की असं सहसा होत नाही. अहो, संक्रांतीच्या आदल्या दिवशी भाजीवाला तीनदा पैसे देतो.

दुसरा गट सर्व्हरवर तपासणी घालतो की तेच खाते, तीच तारीख, तीच रक्कम आली तर नाकारा. म्हणजे दुखणं तेच, फक्त आता पैसे दिसायचे थांबत नाहीत, जमाच व्हायचे थांबतात. हे पहिल्यापेक्षा वाईट. पासबुकातली ओळ निदान मागे टेबलात असते.

तिसरा गट पावती क्रमांकाकडे वळतो. प्रत्येक मशिनची पावती क्रमांकानं चढत जाते, तेव्हा मशिन आणि पावती क्रमांक मिळून एकमेव असलं पाहिजे, हा नियम थेट डेटाबेसवर लावायचा. तीच वसुली परत आली की दुसऱ्यांदा जमा न करता "मिळाली" असं उत्तर द्यायचं, म्हणजे मशिनही गप्प बसतं. नियम लावायला गेलं की डेटाबेस नकार देतो, कारण आधीच्या दुहेरी नोंदी तिथंच बसलेल्या असतात! इथं परत माणूस दिसतो. डिलीट मारून मोकळा होतो की थांबून विचारतो, "ह्या जुन्या नोंदींचं काय करायचं?"

एकानं थांबून विचारलं, आणि उत्तरही स्वतःच दिलं. "मॅडम, पुसायच्या नाहीत ना? उलट नोंद टाकायची ना?" एमसीए करायच्या आधी हा तालुक्याच्या एका पतसंस्थेत कारकून होता. हिशेबाच्या वहीत खाडाखोड करत नाहीत, चुकलेल्या नोंदीसमोर उलटी नोंद घालतात, हे त्याला कुठल्या कोर्सनं शिकवलं नव्हतं. त्याचा कोड सुमार होता. व्हेरिएबलना एक्स, एक्स-एक, एक्स-दोन अशी नावं. बोर्डावरच्या फेरीत तो पहिल्या दहा मिनिटांत गळाला असता. आम्ही घेतला. नावं अजूनही तशीच ठेवतो, दर रिव्ह्यूला माझं डोकं उठवतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडच्या कामात कोरा कागद कोणाला मिळतो? दुसऱ्यानं लिहिलेलं वाचणं, तक्रारीतून प्रश्न काढणं, दुरुस्ती नेमकी कुठे करायची ते ठरवणं आणि दुरुस्तीनं दुसरं काही मोडत नाही ना हे बघणं, ह्यातच दिवस जातो. मग मुलाखतीत कोऱ्या कागदावर ट्री का काढून घ्यायचा?

एक गोष्ट मात्र विसरू नका, नाहीतर एवढी मेहनत फुकट. मार्क कशाला द्यायचे ते उमेदवार यायच्या आधी लिहून ठेवा. आमच्या कागदावर चारच रकाने आहेत: तक्रार स्वतः घडवून बघितली का, प्रश्न कोणते विचारले, दुरुस्ती कुठे केली, जुन्या डेटाचा विचार केला का. दोघं तपासतात, एकमेकांशी बोलायच्या आधी आपापले आकडे लिहितात. आधी आम्ही चहा पीत "कसा वाटला?" असं ठरवायचो. त्यात जो हसून बोलायचा तो भरायचा.

ह्यावर अभ्यासही झालेले आहेत. १९९८ मध्ये फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी नोकरभरतीच्या पद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाची गोळाबेरीज केली, त्यात प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं सगळ्यात वर होतं, ०.५४ (निवडीतले मार्क आणि पुढचं काम किती जुळतं त्याचा आकडा, १ म्हणजे तंतोतंत). लोक इथंच थांबतात आणि तो आकडा मिरवतात. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी जुन्या गणितातल्या दुरुस्त्या परत तपासल्या, तेव्हा कामाचा नमुना ०.३३ वर उतरला आणि ठरलेले प्रश्न, ठरलेली गुणपत्रिका असलेली मुलाखत ०.४२ नं वर आली. मोकळ्या गप्पांची मुलाखत ०.१९. तेव्हा नुसता खरा प्रोजेक्ट दिला म्हणजे जिंकलो असं नाही. तो सगळ्यांना सारखा द्यायचा, सारखाच तपासायचा.

खराडी_बायपास यांचं फिझबझ मान्य. वीस मिनिटं जरूर घ्या. फक्त त्या मार्कांवरून वरचे दोन निवडू नका, तळाचे तेवढे वगळा.

---

सांगलीकर_२४

मी पलीकडच्या खुर्चीतला. गेल्या वर्षी बी.ई. झालो, अजून शोधतोय. दोन शब्द आमच्याकडूनही.

खरं काम द्या म्हणता, पण "खरं काम" ह्या नावाखाली काय काय चालतं बघा. एका कंपनीनं शुक्रवारी रात्री असाइनमेंट पाठवली. लॉगिन, तीन प्रकारचे वापरकर्ते, डॅशबोर्ड, पीडीएफ रिपोर्ट, पेमेंट गेटवे, वर डिप्लॉय करून लिंक द्या. मुदत सोमवारी सकाळी. शनिवार-रविवार झोपलो नाही. लिंक दिली. उत्तर नाही. फोन केला तर एचआर म्हणाल्या, जागा सध्या होल्डवर आहे. निदान कोणी उघडून बघितलं का, एवढं तरी सांगा की. माझ्या लिंकवर बाहेरून एकही भेट नोंदलेली नव्हती.

आणि नोकरी करणारा, घरात लहान मूल असणारा उमेदवार हे कधी करणार? आमच्या बॅचमधली एक मुलगी आता सासरी आहे. तिला रात्री अकरानंतरच लॅपटॉप मिळतो.

दुसरं म्हणजे समोर बसून टक लावून बघू नका. मला कोड येतो. पण मागे कोणी उभं राहिलं की माझं बोट सेमिकोलनवर जात नाही. एका ठिकाणी तर "विचार मोठ्यानं बोलत बोलत लिहा" म्हणाले, तेही इंग्रजीत. मी विचार मराठीत करतो. तिन्ही कामं एकदम जमत नाहीत.

वसुधाताई, तुमची पद्धत चांगली वाटली. पण तुम्ही शेजारच्या खोलीत बसता, ते मुद्दाम का?

---

बावधनची_वसुधा

अगदी मुद्दाम.

२०२० मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. प्रश्न एकच. अर्ध्यांना नेहमीसारखं, मुलाखतकारासमोर, मोठ्यानं बोलत फळ्यावर सोडवायला लावला. अर्ध्यांना तोच प्रश्न तशाच फळ्यावर, पण बंद खोलीत एकट्यानं. बघणारा समोर असला की कामगिरी निम्म्यावर आली. त्यातल्या मुलींचं तर असं की एकट्यानं सोडवणाऱ्या सगळ्यांना जमलं आणि समोर उभं करून सोडवायला लावलेल्या एकीलाही जमलं नाही. मुली मोजक्याच होत्या, त्यामुळे ह्यावरून जगाचा नियम काढू नये. पण मी मुलाखतीला येणाऱ्या मुलींचे थरथरणारे मार्कर पाहिलेत, मला आश्चर्य वाटलं नाही.

म्हणून माणूस खोलीत एकटा. शेवटची वीस मिनिटं मी जाऊन बसते, तेव्हा त्यानं काय केलं ते सांगायचं. मराठी, हिंदी, इंग्रजी, काहीही. आमच्या शाखा व्यवस्थापकांचे फोन कुठल्या भाषेत येतात ते आम्हाला माहीत आहे.

घरी करायच्या असाइनमेंटबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के. माझा नियम असा की उमेदवाराचा जेवढा वेळ घ्याल, तेवढाच कंपनीतल्या कोणाचा तरी गेला पाहिजे. दीड तास त्याचा, तर आमचे दोघं मिळून तेवढे तरी जातातच. फुकटात मागता येतं म्हणून लोक तीन दिवसांचं काम मागतात. आणि आपल्या खऱ्या प्रॉडक्टचं फीचर कधीही मुलाखतीत करून घ्यायचं नाही, मग ते कितीही छोटं असो. बाहेरगावहून बोलावलं तर एसटीचं भाडं द्यावं. कोल्हापूरच्या कंपनीला सांगलीहून आलेल्याचं भाडं जड नाही.

---

शून्य_प्रहर

सगळं छान. पण एआयचं काय? ताई म्हणतात इंटरनेट उघडं. मग तक्रार, कोड, लॉग चॅटबॉटमध्ये ओतला की दोन मिनिटांत उत्तर हातात.

आमची कंपनी पूर्ण रिमोट आहे, त्यामुळे आम्ही हे पुरेपूर भोगलंय. ओठ हलतात एकाचे, आवाज येतो दुसऱ्याचा. डोळे सतत स्क्रीनच्या एकाच कोपऱ्यात. २०२५ मध्ये अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्यानं असं टूलच काढलं, की मुलाखतीत स्क्रीन शेअर केली तरी एआयची उत्तरं फक्त उमेदवारालाच दिसावीत. त्यानं ते मोठ्या कंपन्यांच्या मुलाखतींत वापरून दाखवलं आणि त्याची जाहीर जाहिरात केली. त्याच वर्षी सुंदर पिचाईंनीही सांगितलं की गूगलमध्ये निदान एक फेरी समोरासमोर होईल असं बघतोय. गूगलनं एकेकाळी कोड्यांचे प्रश्न विचारून बघितले, २०१३ मध्ये त्यांच्याच मनुष्यबळ विभागाचे प्रमुख लास्लो बॉक यांनी त्यातून काही कळत नाही असं सांगून टाकलं, आता ऑनलाइन फेरीवरही विश्वास उरला नाही.

आमचा तोडगा असा: एआय वापरा, पण लपवू नका. ऐंशी टक्के वेळ तुमचा, काय हवं ते करा. मग शेवटी आम्ही मागणी बदलतो. "आता एक एजंट दोन मशिन वापरतो." किंवा "मशिन दुरुस्तीला गेलं आणि पावती क्रमांक १ पासून परत सुरू झाले." (ही ताईंच्या उदाहरणावरून आत्ता सुचलेली, हवी तर घ्या.) ज्यानं उत्तर नुसतं चिकटवलंय त्याला बदल कुठे करायचा हेच सापडत नाही. ज्यानं एआयकडून लिहून घेतलं पण समजून घेतलं, तो पाच मिनिटांत सांगतो. तो मला चालतो. रुजू झाल्यावरही तो एआयच वापरणार आहे, उगाच सोवळं कशाला?

---

बावधनची_वसुधा

पावती क्रमांक १ पासून परत सुरू! हे आमच्याकडे खरोखर घडलेलं आहे, आणि माझ्या पेपरात नाही. घेतलं. मशिन-पावतीचा तो एकमेव नियम तिथं कोलमडतो, तारीखही लागते.

एआय विषयी मला अजून तरी भीती वाटत नाही. चॅटबॉट कोडातलं कारण सांगतो, पण शाखेत फोन लावत नाही. माझ्या गुणपत्रिकेतला "प्रश्न कोणते विचारले" हा रकाना त्यामुळे जास्तच उपयोगी पडायला लागलाय. प्रॉम्प्टही, म्हणजे एआयला काय विचारलं तेही, बघते. "फिक्स धिस" लिहिणारा आणि "ही वसुली दोनदा का आली असेल, लॉगमधल्या ह्या दोन ओळींत फरक काय" असं विचारणारा, दोघांची उत्तरं सारखी आली तरी माणसं वेगळी आहेत.

---

दूध_आणि_डेटा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून पेपर तयार केला. पहाटेच्या पावतीचाच. एक गाव, चाळीस शेतकरी, दहा दिवसांचं सकाळ-संध्याकाळचं दूध. तक्रार सचिवाच्या भाषेत: "बिलात दूध कमी दिसतंय, सभासद ओरडतायत." वेळेचा उल्लेख कुठेच नाही. साडेपाचनंतर दूध घालणारे पंचवीस जण बरोबर येतात, म्हणजे कोण कोण चुकतंय ते शोधल्याशिवाय सुटत नाही.

एक शंका आहे. सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेवर आणून ठेवलं की तक्रार मिटते. हे उत्तर बरोबर धरायचं का?

आणि मालक अजून टेस्टच म्हणतायत. त्यांना कसं वळवू?

---

बावधनची_वसुधा

तेच तुमचं "डिस्टिंक्ट" आहे. अर्धे मार्क. त्याला विचारा, उद्या सर्व्हर बदलला आणि घड्याळ परत यूटीसीवर आलं तर? पूर्ण मार्क त्याला, जो पावतीवर संकलनाची तारीख आणि पाळी काट्यावरच लिहून घेतो आणि सर्व्हरच्या वेळेवरून दिवस ठरवणंच बंद करतो. "मागचं निघालेलं बिल दुरुस्त करायचं की फरक पुढच्या बिलात द्यायचा?" असं विचारलं तर माझ्याकडून चहा.

पेपर देण्याआधी तुमच्या त्या बी.कॉम. मुलीला आणि एखाद्या जुन्या प्रोग्रामरला सोडवायला द्या. आपल्याच माणसांना दीड तासात सुटत नसेल तर पेपर लांब आहे.

मालकांचं सोपं आहे. सचिव त्यांनाच करा. फोन घेऊन शेजारच्या खोलीत बसवा आणि उमेदवारांचे फोन त्यांनाच घेऊ द्या.

---

खराडी_बायपास

मालकांना सचिव करायची आयडिया भारी आहे. आमच्याकडे व्हाइस प्रेसिडेंटला शाखा व्यवस्थापक करता आलं असतं तर काय हवं होतं.

---

दूध_आणि_डेटा

मालकांना विचारलं. तयार आहेत. म्हणाले, सचिवाचा रोल करतो, पण शिव्या खऱ्या देणार, संस्थेतल्या देतात तशाच. पहिला उमेदवार शनिवारी आहे. सांगलीकर, रेझ्युमे व्यनि करा, एसटीचं भाडं देऊ.